गरजू कुटुंबं आणि निराधार वृद्धांना मदत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मदत करायची इच्छा असणारे लोक पुष्कळ भेटतात. त्यांचं अडतं ते पुढच्या गोष्टींवर: कुणाला द्यायचं, काय द्यायचं, दिलेलं पोचतं का, पावतीचं काय. आमच्या छोट्या मदतगटाकडे फोनवर आणि व्हॉट्सॲपवर सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. योजनांची माहिती महाराष्ट्रापुरती आहे. रकमा आणि अटी शासन निर्णयाने बदलतात, म्हणून अर्ज भरण्याआधी तहसील कार्यालयात एकदा विचारून घ्या.

१. खरा गरजू कोण, हे आम्ही कसं ओळखायचं?

सगळ्यात अडलेला माणूस बहुतेक वेळा मागायला येतच नाही. अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याला एकटं सोडून आजी कुठे जाणार? त्यामुळे आपणच विचारत जावं लागतं. विचारायचं आशाताईंना, अंगणवाडी सेविकेला आणि कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला. किलोभर तेल नेणारं घर दहा-वीस रुपयांचं सुटं तेल नेऊ लागलं, की ते सगळ्यांत आधी किराणावाल्याला कळतं.

घरी गेलात तर चौकशीचा तक्ता काढून बसू नका. पाणी मागा, गप्पा मारा. औषधांची पिशवी दिसली तर गोळ्या कशा घेता ते विचारा. रक्तदाबाची रोजची गोळी एक दिवसाआड घेतली जात असेल, तर त्या घराची परिस्थिती वेगळी विचारायची गरज नाही.

२. मी महिन्याला दोन-तीनशे रुपयेच देऊ शकतो. त्याने काय होणार?

दरमहा देत असाल तर खूप होतं. वर्षातून एकदा मिळालेले पाच हजार उधारी फेडण्यात जातात आणि पुढच्या महिन्यात घर पुन्हा तिथेच येतं. दहा घरांनी दरमहा तीनशे रुपये दिले तर एकट्या राहणाऱ्या आजींचा शिधा आणि नेहमीची औषधं त्यात बसू शकतात. मुख्य म्हणजे पुढच्या महिन्यातही मदत येणार आहे हे त्यांना ठाऊक असतं. ज्या माणसाला उद्याची शाश्वती नाही त्याच्यासाठी ही गोष्ट रकमेइतकीच मोठी आहे. आमचा आग्रह कायम हाच असतो: रक्कम लहान ठेवा, पण खंड पडू देऊ नका.

३. पैसे द्यावेत की वस्तू?

घरातली बाई किंवा आजी-आजोबा स्वतः व्यवहार बघत असतील तर पैसे. आपल्या घरात काय संपलंय ते त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. चप्पल तुटलीये, गॅस संपलाय, नातीची वही हवीये, यातलं काहीच शिध्याच्या पिशवीतून भागत नाही.

वस्तू द्यायच्या त्या तीन वेळा: जवळपास दुकान नसेल, घरातल्या कुणाला बाजारापर्यंत चालवत नसेल, किंवा पैसे दुसरंच कुणीतरी काढून घेत असेल (त्यासाठी प्रश्न १२ पाहा).

४. शिध्याच्या पिशवीत काय भरावं?

ठरलेली पिशवी सगळीकडे चालत नाही, विशेषतः म्हाताऱ्या माणसांकडे. दात नसलेल्या आजोबांना अख्खे हरभरे आणि शेंगदाणे देऊन उपयोग नाही. शेंगदाण्याचं कूट द्या, मूगडाळ द्या, रवा द्या. मधुमेह असेल तर पाच किलो साखर म्हणजे त्रासच. ज्या घरात ज्वारीची भाकरी खातात तिथे गव्हाचं पीठ पडून राहतं. आणि धान्य दिलं तर दळणाचे पैसेही लागतात, गिरणीपर्यंत डबा उचलून नेणारं माणूस लागतं. एकट्या म्हाताऱ्या माणसाला थेट पीठ द्यावं, तेही थोडं थोडं, कारण जास्त दिलं तर त्यात अळ्या होतात.

रेशनवर तांदूळ-गहू मिळत असेल तर तेच परत कशाला? रेशनवर जे मिळत नाही ते द्या: तूरडाळ, तेल, चहापत्ती, गूळ, तिखट, हळद, मीठ, अंगाचा आणि कपड्याचा साबण, खोबरेल तेल, काडेपेटी. चहा-साखरेवरून काही देणगीदार नाराज होतात, ही चैन आहे म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. आल्यागेल्याला कपभर चहा देता येणं हा त्या घराचा मान आहे.

पिशवीबाहेरच्या गोष्टीही लक्षात ठेवा. काठीच्या टोकाचं झिजलेलं रबर बदललं नाही तर मोरीत पाय घसरतो. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली असते. अंथरुणात असलेल्यांना मोठ्यांचे डायपर लागतात आणि ते महाग असल्यामुळे मागायला लोक फार संकोचतात. आपणहून विचारा.

५. जुने कपडे दिले तर चालतील का?

तुम्ही स्वतः घालून बाहेर जाल असे असतील तर चालतील. धुतलेले, बटणं लावलेले, चेन चालू असलेले. गावाकडच्या म्हाताऱ्या बायकांना सुती नऊवारी लागतं. सहावारी जरीच्या आणि सिंथेटिक साड्या तशाच पडून राहतात. स्वेटर, कानटोपी, जाड चादर, सुती धोतर आणि गंजिफ्रॉक यांना कायम मागणी असते. आतले कपडे नेहमी नवेच द्या.

पूर आला की जुन्या कपड्यांचे ढीग येतात आणि ते निवडण्यातच कार्यकर्त्यांचे दिवस जातात. २०१९ साली सांगली-कोल्हापूरला आणि २०२१ साली चिपळूणला पाणी घराघरांत शिरलं होतं. असं पाणी ओसरलं की लागतात खराटे, फावडी, फिनेल, अंथरूण-पांघरूण, शेगडी, भांडी आणि मुलांची पुस्तकं. आधी तिथे फोन करा आणि मगच टेम्पो भरा.

६. संस्था खरी आहे हे कसं तपासायचं?

महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त संस्थांची नोंदणी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते. पावतीवर नोंदणी क्रमांक असतो. त्यात बहुधा ‘ई’ किंवा ‘एफ’ हे अक्षर आणि जिल्ह्याचं नाव दिसतं. नोंदणी झाली म्हणजे काम चांगलंच आहे असं नाही, पण निदान विश्वस्त कोण आणि हिशेब कुठे दाखल होतो एवढं कळतं. मागच्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल मागा. चांगली संस्था तो न चिडता दाखवते.

त्याहून चांगली परीक्षा म्हणजे न सांगता जाऊन यावं. वृद्धाश्रम असेल तर दुपारी चारच्या सुमाराला जा. स्वयंपाकघर, संडास आणि अंथरुणाला खिळलेल्यांची खोली पाहा. दर्शनी हॉल सगळीकडेच स्वच्छ असतो.

पैसे संस्थेच्या नावच्या खात्यातच भरा. यूपीआयवर पैसे पाठवण्याआधी स्क्रीनवर नाव येतं. ते संस्थेचं नसून एखाद्या व्यक्तीचं असेल तर तिथेच थांबा आणि फोन करून विचारा.

७. आयकरात सूट किती मिळते?

कलम ८०जी खाली मान्यता असलेल्या बहुतेक संस्थांना दिलेल्या देणगीच्या निम्मी रक्कम उत्पन्नातून वजा होते, तीही उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत. मुख्यमंत्री सहायता निधी आणि पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीला दिलेली पूर्ण रक्कम वजा होते. रोख २००० रुपयांहून जास्त दिले तर सूट नाही. धान्य, कपडे, औषधं अशा वस्तूंवर नाही. एखाद्या कुटुंबाच्या हातात थेट दिलेल्या पैशांवरही नाही. नवी करप्रणाली निवडली असेल तर ही सूटच मिळत नाही.

साधी पावती पुरत नाही. संस्थेने देणगीचा तपशील आयकर खात्याकडे भरून तुम्हाला फॉर्म १०बीई द्यायचा असतो. तो मागून घ्या. १ एप्रिल २०२६ ही नव्या आयकर कायद्याच्या अंमलाची तारीख आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा त्यापुढच्या देणग्यांसाठी सीएला विचारा.

८. सरकार निराधारांना पैसे देतं ना? मग आपण कशाला?

देतं, आणि ते मिळवून देणं ही आपल्याला करता येण्यासारखी मोठी मदत आहे. ६५ वर्षांवरच्या निराधारांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना आहे. त्याहून कमी वयाच्या विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजाराचे रुग्ण यांच्यासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना. २०२३ मध्ये दोन्हींची रक्कम १००० वरून १५०० रुपये महिना झाली. अट अशी की नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत हवं, किंवा कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं (दिव्यांगांसाठी ही मर्यादा जास्त आहे). शिवाय महाराष्ट्रात १५ वर्षांचं वास्तव्य लागतं. २१,००० म्हणजे महिन्याला १७५० रुपये. त्याहून थोडं जास्त मिळवणारं घर खाऊनपिऊन सुखी असतं असं कुणी म्हणणार नाही, पण नियमात ते बसत नाही. अशा घरांना आपली मदत सर्वांत जास्त लागते.

जे बसतात त्यांचंही कागदावर अडतं. वयाचा पुरावा नाही, आधारवर जन्मसाल अंदाजे टाकलेलं, खात्याला आधार जोडलेलं नाही, वर्षाचा हयातीचा दाखला द्यायचा राहिला म्हणून पैसे थांबलेले. रेशन दुकानात वेगळीच अडचण असते. आयुष्यभर शेतात राबलेल्या बोटांच्या रेषा झिजतात आणि मशीनवर अंगठा उठत नाही. अंत्योदयच्या पिवळ्या कार्डावर कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य आहे, आणि अंगठ्यापायी आजी रिकाम्या पिशवीने परत येतात. आधार केंद्रावर बोटांचे ठसे नव्याने घेता येतात. तेही जमलं नाही तर त्यांच्या वतीने दुसऱ्या माणसाने धान्य नेण्याची सोय कशी करायची, ते तहसीलच्या पुरवठा शाखेत विचारा.

एका आजींना घेऊन सकाळी दहाला तहसीलला जाणं, रांगेत त्यांना बसायला जागा मिळवून देणं, फॉर्म भरणं, रिक्षाने परत सोडणं, हे करणारी माणसं आम्हाला पैशांपेक्षाही कमी पडतात. दिवस देता येत असेल तर नक्की सांगा.

९. व्हॉट्सॲपवर उपचारासाठी मदतीचं आवाहन आलं. पैसे पाठवू का?

आधी रुग्णालयात फोन करून त्या नावाचा रुग्ण दाखल आहे का ते विचारा. खरं निघालं तर पैसे रुग्णालयाच्या खात्यात, रुग्णाच्या नोंदणी क्रमांकावर भरा. जुने संदेश वर्षानुवर्षं फिरत राहतात. रुग्ण बरा होऊन घरी गेलेला असतो, किंवा राहिलेला नसतो.

मात्र पैसे गोळा करण्याआधी नातेवाइकांना एक गोष्ट विचारा: धर्मादाय कोट्यातून अर्ज केला का? महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी पूर्ण मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेली ही योजना २००६ पासून लागू आहे. निर्धन म्हणजे वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपयांपर्यंत, दुर्बल म्हणजे ३,६०,००० पर्यंत. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड लागतं. तातडीच्या रुग्णाकडे अनामत रक्कम न मागता त्याला दाखल करून घ्यायचं असतं. मोठमोठी नावाजलेली रुग्णालयंही यात येतात आणि कित्येक कुटुंबांना हे डिस्चार्जच्या दिवशी कळतं. दाखल होतानाच वैद्यकीय समाजसेवकांना भेटा. दाद मिळाली नाही तर जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात लेखी तक्रार करा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना वेगळी, मुख्यमंत्री सहायता निधी वेगळा. वय ७० पूर्ण असेल तर उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्ड काढता येतं. त्यावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे.

हे सगळं होऊनही खर्च उरतोच: बाहेरून आणायची औषधं, नातेवाइकांचं जेवण, गावी परत जायचं भाडं. आपली मदत तिथे लावा. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत परळच्या टाटा रुग्णालयातल्या कॅन्सरच्या रुग्णांची आणि त्यांच्या माणसांची राहायची सोय आजही होते. बाहेरगावच्या गरीब माणसाला मुंबईत सगळ्यांत आधी लागतो तो निवारा, हे बाबांनी ओळखलं होतं.

१०. कमावता माणूस गेलेल्या घराला पहिल्या महिन्यात काय लागतं?

दिवसकार्य होईपर्यंत घरात माणसं असतात, भाकरीही शेजारून येते. खरी अडचण तेराव्यानंतर सुरू होते. तेव्हा जा. मृत्यूच्या दाखल्याच्या चार-पाच प्रती, सातबारावर वारसनोंद, बँकेतलं खातं, विम्याचा हप्ता भरला जात होता का, सावकाराचं किंवा बचतगटाचं देणं किती, हे त्या बाईबरोबर बसून एका वहीत लिहा. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातला १८ ते ५९ वयाचा कर्ता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेत एकरकमी २०,००० रुपये आहेत, अर्ज तहसीलला. विधवेसाठी दरमहाचं अनुदान प्रश्न ८ मध्ये आलंच आहे.

शेतकरी आत्महत्येच्या पात्र प्रकरणात राज्य सरकार १ लाख रुपये देतं: ३०,००० हातात आणि ७०,००० ठेवीत. जमीन सासऱ्याच्या नावावर असेल, कर्ज हातउसनं असेल, शेती बटाईची असेल, तर प्रकरण अपात्र ठरू शकतं. दुःख तेच, घर तेच, आणि हातात काहीच नाही. २०१५ साली नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी सुरू केलेल्या ‘नाम’ने अशा घरांतल्या बायकांपर्यंत जाऊन मदत दिली, तेव्हा शहरातल्या अनेकांना हा प्रश्न पहिल्यांदा दिसला. मुलांची शाळा सुटू न देणं हे सगळ्यांत निकडीचं. एका मुलीच्या बसपासचा किंवा वसतिगृहाचा खर्च कुणीतरी शेवटपर्यंत उचलावा.

११. वडिलांच्या श्राद्धाला वृद्धाश्रमात जेवण द्यायचंय. कधी येऊ?

जरूर द्या, पण तारीख थोडी मागे-पुढे करायची तयारी ठेवा. पितृपक्षात आणि सणावारी एकाच दिवशी दोन-दोन जेवणं येतात, आणि श्रीखंड-पुरी सलग खाऊन आजी-आजोबांचं पोट बिघडतं. जून-जुलैत मात्र कुणी फिरकत नाही. त्या तिथीला पैसे भरा आणि जेवण कधी घालायचं ते संस्थेला ठरवू द्या. मऊ भात, वरण, पालेभाजी, ताक हेच त्यांना सोसतं.

१२. दिलेले पैसे घरातला दारुडा काढून घेतो. मग मदत बंद करावी का?

बंद केली तर उपाशी राहते ती त्याची आई आणि मुलं. मार्ग बदला. किराणावाल्याकडे खातं उघडा आणि बिल थेट भरा. औषधाच्या दुकानात, शाळेत, वीजबिलात थेट पैसे द्या. मोठी पोती नेऊ नका, तीही विकली जातात, आठवड्याचंच द्या. मारहाण होत असेल तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे. जिवावरचा प्रसंग असेल तर सरळ ११२.

१३. मुलं चांगली कमावतात, तरी आईबाप उपाशी. अशांना आपण का पोसायचं?

आजचं जेवण आज द्यावं. मुलांची जबाबदारी वेगळी चालवावी. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठीच्या २००७ च्या कायद्याने आईवडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो, दरमहा १०,००० रुपयांपर्यंत. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात, वकिलाशिवाय. सांभाळायच्या अटीवर घर किंवा जमीन लिहून दिली असेल आणि सांभाळ होत नसेल, तर ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं.

आईवडील बहुतेक वेळा अर्ज करायला तयार नसतात. ‘पोराची बदनामी नको’ म्हणतात. त्यांच्यावर जबरदस्ती करू नये आणि त्या कारणाने शिधाही थांबवू नये.

१४. एक आजोबा मदत घ्यायलाच तयार नाहीत. काय करू?

त्यांना ‘मदत’ म्हणून देऊ नका. निवृत्त शिक्षक असतील तर वस्तीतल्या मुलांना तासभर शिकवायला बोलवा आणि मानधन द्या. आजींना वाती वळता येतात, गोधडी शिवता येते. योग्य भाव देऊन विकत घ्या. आणि खरंच नको म्हणत असतील तर नको. अधूनमधून भेटत राहा.

१५. देताना फोटो काढला तर काय बिघडलं?

हात पसरलेल्या माणसाचा फोटो त्याच्या सोयरे-नातेवाइकांत फिरतो. मुलीच्या सासरी पोचतो. देणगीदारांना हिशेब हवा असेल तर बिलांचा आणि पिशव्यांचा फोटो पुरे. चेहरा हवाच असेल तर आधी विचारा, आणि ‘नाही’ म्हटल्यावर मदत कमी होणार नाही हेही त्याच वेळी सांगा.

१६. मी परदेशात असतो. थेट पैसे पाठवू शकतो का?

पासपोर्ट भारतीय असेल तर बँकेमार्फत स्वतःच्या बचतीतून दिलेली देणगी परकीय मानली जात नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं असेल, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, ती परकीय देणगी ठरते. अशी देणगी घ्यायला संस्थेकडे एफसीआरए (परकीय देणगी नियमन कायदा) नोंदणी आणि त्यासाठीचं स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं खातं हवं. गावच्या लहान संस्थांकडे ते बहुधा नसतं. त्यांना नियम मोडायला लावू नका, उद्या त्यांच्यावरच कारवाई होते. नोंदणी असलेली संस्था निवडा.

१७. आम्ही सोसायटीत वर्गणी काढून एका कुटुंबाला देणार आहोत. परवानगी लागते का?

ओळखीच्या चार घरांनी मिळून दिलं तर कुणी विचारत नाही. अनोळखी लोकांकडून, पावत्या छापून किंवा समाजमाध्यमांवर आवाहन करून गोळा करणार असाल, तर धर्मादाय कार्यालयाची कलम ४१सी ची परवानगी घ्या. गणेश मंडळं दरवर्षी घेतात तीच. शक्यतो पैसे त्या कुटुंबाच्याच खात्यात थेट जाऊ द्या. कुणा एकाच्या खात्यात जमवायची वेळ आलीच तर रोजचा हिशेब गटावर टाका.

१८. ज्या आजींसाठी पैसे जमवले त्या वारल्या. उरलेल्या रकमेचं काय करायचं?

आधी अंत्यविधीचा आणि रुग्णालयाचा राहिलेला खर्च भागवा. घरावर त्याचं कर्ज होऊ देऊ नका. उरलेलं दुसऱ्या घराला द्यायचं तर देणगीदारांना विचारून, आणि परत मागणाऱ्याला परत करून. मागे आजोबा असतील तर शिधा त्याच तारखेला पोचला पाहिजे. आजींच्या नावचं अनुदान थांबवायला मृत्यूचा दाखला तहसीलला द्यावा लागतो. तो दिला नाही तर नंतर जमा झालेल्या रकमेची वसुली घरच्यांवर निघू शकते. त्याच खेपेत आजोबांचा स्वतंत्र अर्ज भरून घ्या.